शुद्धिपत्र लिहिता येतं? मग ओपन सोर्समध्येही काम आहे

वर्षातून दोन-तीनदा तरी आमच्या ग्रंथालयात असा फोन येतो. "बाबा गेले. त्यांची तीन कपाटं भरून पुस्तकं आहेत, कॉलेजला भेट द्यायची आहेत." देणाऱ्याची भावना खरी असते, त्याबद्दल शंका नाही. पण पुस्तकं टेम्पोतून उतरली की आमचं काम सुरू होतं. वाळवी लागलेली बाजूला काढा, ज्यांच्या आधीच चार प्रती आहेत ती वेगळी ठेवा, उरलेली दाखल रजिस्टरला चढवा, नंबर घाला, तालिकेत नोंद करा आणि पुढची तीस वर्षं त्यांच्यासाठी फळीवर जागा राखा. देणाऱ्याची एक दुपार जाते, घेणाऱ्याची तीस वर्षं.

'ओपन सोर्समध्ये काम करायचंय, कुठून सुरू करू?' असं आमची कॉम्प्युटर सायन्सची मुलं विचारतात, तेव्हा मी त्यांना आधी ही कपाटांची गोष्ट सांगते. (ओपन सोर्स म्हणजे असं सॉफ्टवेअर, ज्याचा कोड, म्हणजे प्रोग्रामच्या लिहिलेल्या सूचना, सगळ्यांना खुला असतो.) त्यांना ती आवडत नाही. त्यांना कोणती कमांड मारायची ते हवं असतं.

मी प्रोग्रामर नाही, ग्रंथपाल आहे. ज्या सॉफ्टवेअरवर आमची पुस्तकांची देवघेव चालते त्याचं नाव कोहा. त्याचं उदाहरण घेऊनच सगळं सांगते, कारण मला आतून माहीत असलेलं तेच एक आहे.

कोहाचा जन्म न्यूझीलंडमधल्या लेव्हिन नावाच्या छोट्या गावातला. तिथल्या होरोफेनुआ लायब्ररी ट्रस्टकडे जी जुनी संगणक प्रणाली होती, ती २००० साल उजाडलं की कोलमडणार होती. नवीन विकत घेण्याऐवजी त्यांनी वेलिंग्टनच्या कटिपो कम्युनिकेशन्सकडून स्वतःसाठी बनवून घेतली. जानेवारी २००० मध्ये ती सुरू झाली आणि तिचा कोड जीपीएल परवान्याखाली जगाला खुला केला गेला. 'कोहा' हा माओरी शब्द. पाहुण्याने यजमानाकडे जाताना न्यायची भेट, असा त्याचा अर्थ, आणि त्या भेटीत परतफेडीची अपेक्षा न बोलता धरलेली असते. आपल्याकडे याला थेट शब्द आहे: आहेर. लग्नातली ती वही आठवा, जिच्यात कुणी काय दिलं ते लिहून ठेवतात, कारण उद्या त्यांच्याकडे कार्य निघालं की आपल्याला उभं राहायचं असतं.

आता 'खुला' म्हणजे काय, इथे बहुतेकांचा घोटाळा होतो. कोड कुणीही वाचू शकतो, आपल्यासाठी बदलू शकतो, दुसऱ्याला देऊ शकतो. जीपीएलची अट एवढीच की बदललेली प्रत दुसऱ्याला दिलीत तर तिचा कोडही याच अटींवर द्यायचा. पण हे सगळं झालं तुमच्या प्रतीबद्दल. जगभरची ग्रंथालयं जी मूळ प्रत उतरवून घेतात, तिच्यात कुणीही उठून हात घालू शकत नाही. तिथे बदल जायचा तर तो माणसांच्या हातून जातो. ती माणसं कोण, त्यांना काय लागतं, हे कळलं की निम्मं ओपन सोर्स कळलं.

बदल पाठवायचा कसा? जुन्या मराठी पुस्तकांच्या शेवटी शुद्धिपत्र असायचं. 'पृष्ठ ४२, ओळ ७: "अनुमान"ऐवजी "अनुमती" वाचावे.' कुणी अख्खं पुस्तक पुन्हा छापत नसे, फक्त कुठे काय बदलायचं तेवढं सांगत. सॉफ्टवेअरमधला पॅच म्हणजे हेच शुद्धिपत्र. अमुक फाइल, अमुक ओळीच्या आसपास, वजा चिन्ह लावलेली ओळ काढा, अधिक चिन्ह लावलेली घाला. ही शुद्धिपत्रं बनवणं, साठवणं, एकमेकांवर चढवणं या कामासाठी आज बहुतेक सगळे गिट वापरतात. लिनस टोरवाल्ड्स यांनी ते २००५ मध्ये लिनक्स या खुल्या संगणकप्रणालीच्या कामासाठी लिहिलं. गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर ज्याला पुल रिक्वेस्ट म्हणतात, ती शुद्धिपत्र आणि सोबत एक विनंती: 'एवढं तुमच्या प्रतीत उतरवून घ्याल का?' लिनक्सवाले आजही पॅच ईमेलने पाठवतात. कोहात ते बगझिला नावाच्या तक्रारवहीत जोडतात. साधनं बदलतात, शुद्धिपत्र तेच.

शुद्धिपत्राची एक अडचणही जशीच्या तशी इथे आली आहे. तुम्ही पहिल्या आवृत्तीवरून शुद्धिपत्र केलंत आणि तोवर दुसरी आवृत्ती निघाली, पानं सरकली. आता पृष्ठ ४२ वर ती ओळच नाही. कोहाच्या बगझिलात यासाठी एक स्वतंत्र शेरा आहे: 'पॅच डझन्ट अप्लाय'. नव्या मुलांना तो अपमान वाटतो. तो अपमान नसतो. नव्या आवृत्तीवरून पुन्हा शुद्धिपत्र करून द्या, एवढाच त्याचा अर्थ.

पण पॅचच्याही आधी येते ती तक्रार. इथे माझीच फजिती सांगते.

काही वर्षांपूर्वी इतिहासाचा एक विद्यार्थी सांगत आला की दुसऱ्या महायुद्धावरची पुस्तकं शोधली तर चारच सापडतात. फळीवर मी स्वतः अकरा मोजली. मला राग आला. परदेशी सॉफ्टवेअर, त्यांना मराठीचं काय पडलंय, असं मनात म्हणत मी एक तक्रार ठोकून दिली: 'मराठी शोध चालत नाही. कृपया लवकर दुरुस्त करावा.' दोन दिवसांनी उत्तर आलं, अगदी सभ्य भाषेत. कोणता शब्द शोधला? तो कुठून टाइप केला? किती नोंदी यायला हव्या होत्या आणि किती आल्या? न सापडलेल्या नोंदीतला शब्द आणि तुम्ही टाइप केलेला शब्द, दोन्ही कॉपी करून पाठवाल का?

ते दोन शब्द कॉपी करताना माझ्याच लक्षात आलं. 'दुसऱ्या' या शब्दातला तो आडव्या मिशीसारखा अर्धा र संगणकात दोन प्रकारे लिहिता येतो. एका प्रकारात खाली टिंब असलेला ऱ वापरतात. दुसऱ्या प्रकारात साधा र घेऊन हलन्तानंतर एक अदृश्य जोडचिन्ह घालतात. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, संगणकासाठी मात्र ते दोन निरनिराळे शब्द. आमच्या नोंदी दोन ऑपरेटरनी दोन वेगळ्या कीबोर्डवर केल्या होत्या. सॉफ्टवेअरचा दोष शून्य, आमच्या माहितीतच दोन तऱ्हा. दोन शनिवार बसून आम्ही त्या नोंदी सुधारल्या आणि मी मान खाली घालून तक्रार मागे घेतली.

माझ्या त्या दोन ओळींच्या रागापायी एका अनोळखी माणसाचा अर्धा तास गेला होता. तेव्हापासून तक्रार लिहिताना मी चार गोष्टी लिहिते: मी काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, आवृत्ती कोणती. त्याआधी हीच तक्रार कुणी केली आहे का ते शोधते. उदाहरणच द्यायचं तर असं: 'सभासदांची यादी आडनावानुसार लावली. मराठी वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो, त्यामुळे कासार आधी आणि काळे नंतर हवं. यादीत काळे आधी आलं.' यात वाद घालायला काही उरत नाही. कारणही सोपं आहे: युनिकोडच्या, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या जागतिक तक्त्यात ळ हा लच्या लगेच नंतर बसवलेला आहे आणि साधा प्रोग्राम त्या तक्त्याच्या क्रमाने यादी लावतो. मराठीचा खरा क्रम युनिकोडच्याच सीएलडीआर या खुल्या संग्रहात लिहून ठेवलेला आहे. प्रोग्रामला तो वापरायला सांगावं लागतं. पण नॉर्वेतल्या किंवा ब्राझीलमधल्या प्रोग्रामरला काळे चुकीच्या जागी आहे हे कळणार कुठून? ते फक्त आपल्याला दिसतं. मराठी माणसाने अशा प्रोजेक्टला द्यावी अशी ही सगळ्यात मोलाची भेट, आणि तिला कोडची एक ओळही लागत नाही.

आता समजा कुणीतरी पॅच लिहिला. पुढे काय होतं? कोहात त्या नोंदीवर शेरा पडतो 'नीड्स साइनऑफ'. म्हणजे लिहिणाऱ्याखेरीज दुसऱ्या कुणीतरी तो प्रत्यक्ष चालवून पाहायचा आणि आपल्या नावाने सही करायची. सही झाली की तो गुणवत्ता तपासणाऱ्या गटाकडे जातो. ते कोड वाचतात, पुन्हा चालवतात. तिथून पास झाला तर त्या आवृत्तीचा रिलीज मॅनेजर तो मूळ प्रतीत घेतो. लिहिणारा, सही करणारा, तपासणारा, आत घेणारा, अशा चौघांच्या हातून एक ओळ जाते. नवी आवृत्ती सहा महिन्यांनी येते, मे आणि नोव्हेंबरात, आणि तिचा क्रमांकच साल-महिना असतो: २४.०५, २४.११.

या साखळीत गाडी कुठे अडते? लिहिणारे पुष्कळ असतात. अडते ती सहीपाशी. आणि सही करायला प्रोग्रामर लागत नाही. कोहावाल्यांनी यासाठी सँडबॉक्स नावाची सोय केली आहे, आणि ज्याने ती काढली त्याला माझा नमस्कार. ब्राउझरमध्ये पान उघडायचं, तक्रारीचा नंबर टाकायचा, थोडं थांबायचं. तो पॅच लावलेलं एक अख्खं खोटं ग्रंथालय तुमच्यासमोर उभं राहतं, खोट्या वाचकांसकट, खोट्या पुस्तकांसकट. काही बिघडलं तरी कुणाचं काही जात नाही.

पॅचसोबत लिहिणाऱ्याने तपासणीच्या पायऱ्या दिलेल्या असतात. अमुक वाचकाच्या नावावर एक पुस्तक द्या. ते परत घ्या. तारखेचा रकाना पाहा. पॅच लावा. तेच पुन्हा करा. आता तारीख अशी दिसायला हवी. पाककृतीपेक्षा हे प्रयोगवहीच्या जास्त जवळचं आहे, आणि आम्ही ग्रंथालयवाले दिवसभर दुसरं करतो काय? मी पहिल्यांदा सही करायला बसले तेव्हा उत्साहाच्या भरात थेट पॅच लावूनच पाहिलं आणि 'व्यवस्थित चालतं' असं लिहून मोकळी झाले. तपासणाऱ्या गटातल्या बाईंनी विचारलं, "पॅच लावण्याआधी बिघाड दिसला होता का?" मी पाहिलाच नव्हता. आधी दुखणं बघितलंच नाही तर औषधाने ते गेलं हे कसं सांगणार? पुन्हा बसले, आधी बिघाड पाहिला, मग पॅच लावला, मग सही केली. पुढच्या आवृत्तीच्या माहितीपत्रकात सही करणाऱ्यांच्या यादीत माझं नाव होतं. आहेराच्या वहीत लिहितात तसं.

एवढी चाळणी कशाला, असा प्रश्न मुलं विचारतात. त्यांना मी दोन गोष्टी सांगते, दोन्ही २०२४ मधल्या.

पहिली हसावं की रडावं अशी आहे. वेबसाठी वापरलं जाणारं एक्सप्रेस नावाचं प्रसिद्ध ओपन सोर्स साधन आहे. भारतातल्या एका शिकवणीच्या व्हिडिओत पुल रिक्वेस्ट कशी करायची याचं प्रात्यक्षिक नेमकं त्याच प्रोजेक्टवर दाखवलं होतं. ते पाहून शेकडो विद्यार्थ्यांनी त्याच्या माहितीच्या फाइलमध्ये आपलं नाव घालून खऱ्याखुऱ्या विनंत्या पाठवल्या. देवळाच्या भिंतीवर बदामात नाव कोरावं, तसं. ती प्रत्येक विनंती सांभाळणाऱ्यांना उघडावी लागली, बंद करावी लागली. त्यात आपल्याकडची मुलं होती याची मला लाज वाटते, आणि मुलांपेक्षा राग त्या सल्ल्याचा येतो, जो योगदान म्हणजे गिटहबच्या प्रोफाइलवर कामाच्या नोंदीचा हिरवा ठिपका असं शिकवतो. आता त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिलेल्या तक्रारींची भर पडली आहे. १९९८ पासून कर्ल हे साधन सांभाळणारे स्वीडनचे डॅनियल स्टेनबर्ग यांनी याबद्दल जाहीरपणे नाराजी मांडली आहे: दिसायला झकास, वाचायला लांबलचक, आणि तपासलं तर बिघाडच अस्तित्वात नाही. माझी दोन ओळींची तक्रार निदान माझी स्वतःची होती.

दुसरी गोष्ट भीतीदायक आहे. एक्सझेड नावाचं फाइल लहान करायचं एक साधन लिनक्सच्या असंख्य संगणकांवर असतं. ते सांभाळणारा माणूस एकटा, बिनपगारी, फावल्या वेळात काम करणारा. २०२१ पासून एक अनोळखी मदतनीस तिथे चांगले पॅच पाठवू लागला. दुसऱ्या काही नावांनी मूळ माणसावर दबाव येऊ लागला: तुमच्याने होत नाही, मदतीला कुणाला तरी घ्या. हळूहळू त्या मदतनिसाच्या हातात किल्ल्या आल्या, आणि २०२४ च्या सुरुवातीला निघालेल्या आवृत्त्यांमध्ये त्याने चोरदरवाजा बसवला. २९ मार्च २०२४ ला तो उघडकीला आला, कारण अँड्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला दूरच्या संगणकावर लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं आणि तो त्या अर्ध्या सेकंदाच्या मागे लागला. मी अर्ध्या सेकंदाकडे लक्ष दिलं नसतं. तुम्हीही नसतं.

म्हणून तुमच्या साध्या पॅचवर कुणी दहा प्रश्न विचारले तर मनाला लावून घेऊ नका. ते प्रश्न तुमच्या हुशारीबद्दल नसतात. तुम्ही उद्या निघून गेलात तर हा कोड कोण सांभाळणार, हा त्यांचा हिशेब असतो. मोठा, चकाचक, एका दमात अकरा गोष्टी बदलणारा पॅच म्हणजे तीन कपाटं पुस्तकं. एकच गोष्ट बदलणारा, तपासणीच्या पायऱ्या जोडलेला पॅच म्हणजे आधीच नंबर घालून आणलेलं एक पुस्तक. कोणतं आधी फळीवर जाईल?

भाषांतराबद्दल थोडं, कारण मराठी माणसाला सगळे तेच काम सुचवतात, जणू काही ते सोपं आहे. कोहाचं भाषांतर ब्राउझरमधूनच करता येतं, डावीकडे इंग्रजी वाक्य आणि उजवीकडे रिकामी चौकट. पण 'पेट्रन' या शब्दाला शब्दकोश 'आश्रयदाता' सुचवतो. आमच्या काउंटरवर रोज दीडशे आश्रयदाते परीक्षेच्या नोट्स मागत उभे असतात! ग्रंथालयात त्याला वाचक किंवा सभासद म्हणतात. 'होल्ड' म्हणजे धरा नव्हे, राखीव. 'आयटम' ही वस्तू नव्हे, प्रत. शब्द काउंटरवरून घ्यायचे असतात, कोशातून नव्हे.

शब्दांपेक्षा अवघड आहे ते व्याकरण. वाक्यात मध्येच टक्क्याचं चिन्ह घालून एक जागा मोकळी सोडलेली असते, तिथे नंतर शाखेचं नाव येऊन बसतं. इंग्रजीत नाव तसंच राहतं. मराठीत ठाणे येऊन बसलं की 'ठाण्यात' व्हायला हवं, पण प्रोग्राम 'ठाणे मध्ये' असंच छापणार. सामान्यरूप ही भानगड जगातल्या फार थोड्या प्रोग्रामरना माहीत आहे. फायरफॉक्सवाल्या मोझिलाने लिंग, वचन, विभक्ती असले प्रश्न भाषांतरकाराच्या हातात देण्यासाठी फ्लुएंट नावाची वेगळी पद्धतच तयार केली. बाकी ठिकाणी आपण पळवाट काढतो आणि वाक्यच मोडून 'शाखा: ठाणे' असं लिहितो. ठाण्याचं नाव इथे उगाच घेतलेलं नाही. कोहाकॉन ही कोहाची जागतिक परिषद २०११ मध्ये ठाण्यात विद्या प्रसारक मंडळाने भरवली होती.

राहता राहिला मुलांचा शेवटचा प्रश्न, जो सगळ्यांना पडतो: पॅच पाठवला, महिना झाला, कुणी पाहिलंच नाही, आता काय? दोन-तीन आठवडे थांबून एकदा नम्रपणे आठवण करायला हरकत नाही. पण त्याहून चालणारा उपाय वेगळा आहे. 'नीड्स साइनऑफ'ची यादी उघडायची, तिच्यात तुमच्यासारखेच वाट पाहणारे लोक असतात. त्यातले दोन सोपे पॅच निवडायचे, सँडबॉक्स उभा करायचा, आधी बिघाड पाहायचा, मग सही करायची. ज्यांचं काम तुम्ही पुढे सरकवलंत ते तुमचं नाव लक्षात ठेवतात. मागच्या महिन्यात आमच्या सहायक मुलीने असंच केलं. तिची स्वतःची दुरुस्ती, एका बटणावरच्या शब्दाची, पाच आठवडे पडून होती. तिने आधी दोघांचे पॅच तपासून दिले. चौथ्या दिवशी त्यांच्यातल्याच एकाने तिचा उघडला आणि खाली लिहिलं की पायरी क्रमांक ३ नीट कळली नाही, पुन्हा लिहिशील का. ती आत्ता शेजारच्या टेबलावर तीच लिहीत बसली आहे.